जुनी कंट्री गाणी: कोणता अल्बम घ्यावा, कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं

जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: नाव खूप ऐकलं होतं, ॲपवर शोधून गाणं लावलं, पण आत काही हललं नाही. बहुतेक वेळा यात ऐकणाऱ्याचा दोष नसतो आणि गाण्याचाही नसतो. लावलेलं रेकॉर्डिंगच भलतं असतं. ही गाणी तीन-चार कॉर्डची, अडीच-तीन मिनिटांची, साध्या बोलीतली. त्या दिवशी गाणं त्या गळ्यातून कसं निघालं आणि शेजारचा वादक नेमका कुठे गप्प बसला, यावर त्यांचा सगळा भार असतो. भावगीतांच्या श्रोत्याला हे पटवायला नको. बाबूजींनी रेकॉर्डवर म्हटलेलं गाणं आणि तेच पुढे कीबोर्डच्या कल्लोळात दुसऱ्या कोणी म्हटलेलं, यांतला फरक दिवाळी पहाटेच्या मैफलीला बसणाऱ्या कुणालाही डोळे मिटून कळतो.

म्हणून इथे अल्बम पारखले आहेत. कोणता घ्यावा, त्यातलं मूळ रेकॉर्डिंग कसं ओळखावं आणि ते कसं वाजवलं म्हणजे त्यातला जीव शाबूत राहतो, एवढंच बघायचं आहे.

आधी खरं-खोटं ओळखण्याबद्दल, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. अमेरिकेत गायक एक कंपनी सोडून दुसरीकडे गेला की जुन्या टेप जुन्या कंपनीकडेच राहत. मग पंधरा-वीस वर्षांनी एखादी छोटी कंपनी त्याच गायकाकडून त्याची गाजलेली गाणी पुन्हा गाऊन घेई आणि स्वस्तात विके. गायक तोच, गाणं तेच, नावही तेच. पण गळा थकलेला, ड्रमचा आवाज नव्या जमान्याचा, आणि ज्या दुखण्यातून पहिलं गाणं आलं ते कधीच मागे पडलेलं. स्ट्रीमिंग ॲपवर ही दोन्ही शेजारी शेजारी असतात. ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ अशी बारीक नोंद कधी असते, कधी नसते. ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे अल्बमच्या पानाच्या तळाशी असलेली कंपनीच्या नावाची ओळ. हँक विल्यम्स असेल तर एमजीएम किंवा मर्क्युरी, पॅट्सी क्लाइन असेल तर डेक्का किंवा एमसीए, जिम रीव्हज आणि डॉली पार्टन असतील तर आरसीए, जॉनी कॅश असेल तर सन किंवा कोलंबिया. भलतंच अनोळखी नाव दिसलं की सावध व्हा. वर्षावर मात्र विसंबू नका. ॲपवर दिसणारं साल अनेकदा फेरप्रकाशनाचं असतं, त्यामुळे २००५ लिहिलं आहे म्हणून गाणं नवं आहे असं होत नाही. शंका असेल तर गाण्याची लांबी मूळ अल्बमशी ताडून पाहा. पाच-दहा सेकंदांचा फरक शेवटी आवाज विरत नेण्यामुळे पडू शकतो, अर्ध्या मिनिटाचा पडला तर रेकॉर्डिंग दुसरं आहे असं समजा.

सुरुवात हँक विल्यम्सपासून करावी, आणि त्यासाठी १९७८ साली निघालेला ‘४० ग्रेटेस्ट हिट्स’ हाच संच घ्यावा. कारण तांत्रिक आहे आणि महत्त्वाचं आहे. हँक १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी गेला. त्याची सगळी गाणी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवरची. १९६० च्या दशकात स्टिरिओचं वेड आलं तेव्हा कंपनीने या गाण्यांवर नवी वाद्यं, काही ठिकाणी तर व्हायोलिनचे ताफे चढवले. १९७८ च्या संचात ही भर काढून मूळ मोनो गाणी दिली आहेत. ‘आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय’ हे एकच गाणं दोन्ही रूपांत ऐकलं की पुढचा वाद मिटतो. ते ३० ऑगस्ट १९४९ रोजी सिनसिनाटीच्या हर्झोग स्टुडिओत झालं आणि आधी दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. गाण्यात घटना काहीच घडत नाही. रात्रीचा एक पक्षी, लांबून जाणारी गाडी, चंद्र, गळणारी पानं. ज्याला एकटं वाटतं आहे त्याला सगळी सृष्टीच पोरकी दिसते आहे, एवढंच. ठेका वॉल्ट्झचा आहे, म्हणजे तीन मात्रांचा, दादऱ्याच्या अर्ध्या आवर्तनासारखा झुलणारा. रडकं गाणं संथ लयीत ओढून म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. हँक ते एका सरळ चालीत म्हणून टाकतो. आवाज किंचित फुटतो तो ओळीच्या टोकाला, आणि तेही तो लपवून पुढे जातो. व्हायोलिनचा ताफा आला की हे लपवणंच संपतं, आणि त्याच्याबरोबर गाणंही.

या गाण्यात मागे जे रडत असल्यासारखं वाद्य वाजतं ते स्टील गिटार. मराठी कानाला ते परकं नाही. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून जी वाजली, व्हॅन शिपली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डमुळे जी घरोघर पोचली, तिचीच ही बहीण. वाद्य आडवं ठेवायचं, डाव्या हातातली लोखंडी पट्टी तारांवरून सरकवायची, स्वरापासून स्वरापर्यंत न तुटता जायचं. ज्याला आपण मींड म्हणतो तेच. पुढे या वाद्याला पायाने दाबायचे पेडल लागले. पट्टी जागेवर ठेवून एक तार वर चढवायची आणि दुसरी स्थिर राहू द्यायची, अशी सोय झाली. १९५४ साली वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने हे पहिल्यांदा सर्वांच्या कानावर घातलं आणि त्यानंतर कंट्रीचा आवाजच बदलला. दोन स्वर धरून ठेवलेले असताना तिसरा त्यांच्यातून वर सरकतो, तेव्हा जी कालवाकालव होते ती शब्दांशिवाय होते. कंट्री नव्याने ऐकणाऱ्याने पहिले दोन-तीन दिवस शब्दांकडे लक्षच देऊ नये. स्टील गिटार गायकाला कधी उत्तर देते आणि कधी थांबते एवढंच ऐकावं. इंग्रजी उच्चार न कळल्यामुळे जो दुरावा वाटतो तो यात निम्मा गळून पडतो.

मोनो गाणं वाजवताना एक चूक सर्रास होते. ब्लूटूथ स्पीकरवर किंवा हेडफोनच्या ॲपमध्ये ‘सराउंड’, ‘थ्रीडी’ किंवा ‘वाइड’ असं काहीतरी चालू असतं. मोनोत दोन्ही कानांना एकच गोष्ट मिळायला हवी, म्हणजे गायक बरोबर समोर उभा राहतो. ही यंत्रणा तो आवाज फाडून दोन्हीकडे पसरवते, मध्ये पोकळी राहते आणि हँक विहिरीत उभा राहून गातो आहे असं वाटतं. हे सगळं बंद करा. दोन स्पीकर असतील तर त्यांच्यात दीड ते दोन मीटर अंतर, भिंतीपासून फूटभर पुढे, उंची कानाएवढी. नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगरच्या नव्या इमारतींत टाइल्सची फरशी आणि काचेच्या मोठ्या सरकत्या खिडक्या असतात. तिथे मधला सूर भिंतींवर आपटून कर्कश होतो. जाड पडदा ओढला आणि समोर सतरंजी टाकली तरी फायदा लगेच ऐकू येतो.

पॅट्सी क्लाइन. हिच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त होते. कारण असं की १९५५ ते १९६० या काळात ती फोर स्टार या छोट्या कंपनीच्या करारात अडकलेली होती आणि त्या काळातली गाणी नंतर असंख्य स्वस्त संग्रहांतून फिरत राहिली. कव्हरवर तिचा सुंदर फोटो, नाव ‘बेस्ट ऑफ’, आणि आत ज्यासाठी आपण ते घेतलं ती गाणीच नाहीत. घ्यायचा तो १९६७ चा, बारा गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. त्यातही एक बारकावा ध्यानात ठेवा: ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ हे तिने १९५७ साली गाजवलं आणि १९६१ मध्ये पुन्हा गायलं. दोन्ही चांगली आहेत, पण पहिल्यात खोडकरपणा आहे आणि दुसऱ्यात मखमल.

तिचं सर्वांत मोठं गाणं ‘क्रेझी’. लिहिलं विली नेल्सनने, तेव्हा तो धडपडणारा गीतकार होता. १४ जून १९६१ रोजी पॅट्सीला मोटार अपघात झाला, २१ ऑगस्टला ती नॅशव्हिलच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत हे गाणं गायला उभी राहिली. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. निर्माता ओवेन ब्रॅडली यांनी वाद्यं त्या दिवशी मुद्रित करून ठेवली आणि तिचा आवाज काही आठवड्यांनी वेगळा घेतला. ही माहिती नुसती रंजक नाही, ऐकण्याच्या उपयोगाची आहे. वाद्यं आधीच तयार असल्यामुळे ती त्यांच्यावर आरामात रेलून गाते, शब्द ठेक्याच्या जरासा मागे टाकते, ठुमरी गाणारी बाई समेला मुद्दाम उशिरा येते तसा. मागे फ्लॉइड क्रेमरचा पियानो आहे. तोही एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत येतो. स्वतःच्या मूर्खपणाची पूर्ण जाणीव असूनही प्रेम सुटत नाही, ही यातली भावना. त्यात राग नाही, समोरच्याला दोष नाही. हे गाणं जोरात लावू नका. खोलीतल्या बोलण्याच्या आवाजापेक्षा किंचित कमी, एवढंच ठेवा. ॲपमध्ये ‘आवाज समान करा’ ही सोय असते, ती चालू ठेवायला हरकत नाही, पण तिच्यात ‘मोठा’ असा पर्याय असेल तर तो टाळा. तो हळू आणि मोठ्या सुरांमधलं अंतर दाबून टाकतो, आणि पॅट्सीचं सगळं सामर्थ्य त्या अंतरात आहे.

जिम रीव्हजचा आवाज शरणपूर, देवळालीकडच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. १९६३ चा त्याचा ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ भारतातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळच्या तयारीचाच भाग झाला आहे. इतर कंट्री गायकांच्या मानाने त्याच्या भारतात छापलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) जुन्या बाजारात सहज सापडतात. त्याचं ‘ही’ल हॅव टू गो’ १९५९ साली आरसीएच्या नॅशव्हिल स्टुडिओत झालं, निर्माता चेट ॲटकिन्स. फोनवर एक पुरुष आपल्या प्रेयसीला विचारतो आहे; तिच्या शेजारी दुसरा कोणी आहे, हे त्याला कळलं आहे. एवढ्या अपमानाच्या क्षणी तो आवाज चढवत नाही. उलट मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन, कुजबुजत, जवळजवळ अदबीने बोलतो. तेव्हाच्या कंट्रीत उंच, नाकातून येणारा आवाज प्रतिष्ठेचा होता, त्याच्यासमोर हा खर्ज. मराठीत अरुण दाते यांचं गाणं ज्यांना आवडतं त्यांना हा माणूस पहिल्या ओळीत आपला वाटेल.

पण खर्जाच्या आवाजाला आजची यंत्रं मारतात. कारमधल्या म्युझिक सिस्टिमवर बेस वाढवलेला असतो, छोट्या स्पीकरवर ‘बेस बूस्ट’चं बटण दाबलेलं असतं. त्यामुळे रीव्हजची छाती आणि उभ्या बास या खालच्या सुरांच्या तंतुवाद्याची तार एकमेकांत मिसळून नुसती घुंई घुंई उरते, शब्दांची व्यंजनं बुडतात. इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याची सोय, सरळ रेषेत आणा. तरीही गुरगुर राहिली तर १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल खाली घ्या, वरचे पट्टे वाढवू नका. दुसरी खबरदारी अल्बम निवडण्याची. ३१ जुलै १९६४ रोजी विमान अपघातात तो गेल्यावर कंपनीने शिल्लक टेपांवर नवी वाद्यं चढवून वर्षानुवर्षं गाणी काढली. ‘डिस्टंट ड्रम्स’ असंच तयार झालं आणि १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, म्हणजे हा प्रकार सरसकट वाईट म्हणता येत नाही. तरी पहिल्यांदा घेताना तो हयात असतानाच निघालेले अल्बम घ्यावेत.

डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ बहुतेकांना व्हिटनी ह्यूस्टनच्या १९९२ च्या रूपात माहीत आहे. ते गायन थोरच आहे. पण मूळ गाणं १९७४ चं, आणि ते प्रियकराला उद्देशून नाहीच. पोर्टर वॅगनर या ज्येष्ठ सहकलाकाराच्या कार्यक्रमातून स्वतंत्र वाट धरताना डॉलीने ते लिहिलं. ज्याने हात धरून पुढे आणलं त्याला सोडून जायचं, त्याचं मन मोडणार हे ठाऊक असताना जायचं, आणि तरी कृतज्ञ राहायचं. गुरूचं घर सोडणाऱ्या शिष्याची ही अवस्था आपल्याकडच्या संगीतवाल्यांना वेगळी सांगायला नको. १९७४ च्या गाण्यात ती एक कडवं नुसतं बोलते. तिथे आवाज इतका खाली येतो की रस्त्यावरच्या रिक्षेच्या भोंग्यात तो हरवतो. हिची स्वतःचीच आणखी दोन रूपं आहेत, १९८२ चं चित्रपटासाठीचं आणि १९९५ चं विन्स गिलबरोबरचं युगुलगीत. आधी ‘जोलीन’ या १९७४ च्या अल्बममधलं ऐका, त्यात शीर्षकगीतही मिळतं. ‘जोलीन’मध्ये एक बाई दुसऱ्या बाईला, माझा माणूस नेऊ नकोस, म्हणून विनवते. शिव्याशाप न देता तिचं रूप वाखाणत विनवते, म्हणून ते गाणं इतकं चटका लावतं.

जॉनी कॅशचा ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ हा या यादीतला एकमेव अल्बम जो मोठ्या आवाजात ऐकावा. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या जेवणघरात दोन कार्यक्रम झाले, त्यांतून तो बनला. ग्रॅनाइटच्या भिंतींचा तो तुरुंग. कॅशने ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ आधी १९५५ मध्ये सन कंपनीसाठी गायलं होतं आणि तेही उत्तम आहे, पण तिथे तो एक गोष्ट सांगतो. इथे ज्यांची ती गोष्ट आहे ते समोर बसलेले आहेत. खुनाची कबुली देणाऱ्या ओळीनंतर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो तो मात्र नंतर संपादनात जोडलेला आहे. प्रत्यक्ष त्या क्षणी लोक गप्प होते, पहारेकरी बघत होते. हे कळल्यावर अल्बम खोटा वाटण्याऐवजी त्यातली खरी शांतता जास्त ऐकू येऊ लागते. शेवटचं गाणं त्याच तुरुंगातल्या ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलेलं, तुरुंगातल्या प्रार्थनाघरावरचं. ते पहिल्या रांगेत बसून त्याने ऐकलं. जेलरोडवरून, मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीकडेने रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांनी हा अल्बम एकदा सबंध ऐकावाच.

सबंध म्हणजे मधे न तुटता. मूळ एलपीवर १६ गाणी होती, १९९९ च्या आवृत्तीत १९ झाली आणि काटछाटही कमी झाली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९९९ ची घ्यावी. ॲपमध्ये ‘क्रॉसफेड’ (एका गाण्याचं टोक पुढच्यात मिसळणं) शून्यावर आणा आणि ‘गॅपलेस’ (गाण्यांमध्ये खंड न पाडणं) चालू ठेवा, नाहीतर गाण्यांमधल्या घोषणा, तुरुंगाच्या सूचना, हशा हे सगळं अर्धवट कापलं जातं. शफल तर नकोच. मुंबईच्या वाटेवर गाडीत किंवा पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून ऐकणार असाल तर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. इगतपुरी ते कसारा या घाटात, विशेषतः रेल्वेच्या बोगद्यांत, नेटवर्क जातं आणि गाणं नेमकं बोलण्याच्या मध्यावर अडकतं. ३२० केबीपीएसला (ॲपमधल्या वरच्या दर्जाला) मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या अल्बमला ११० एमबीच्या आसपास. १६० केबीपीएसवर निम्मे. गाडीच्या आवाजात या दोन्हींतला फरक कळत नाही, घरात शांतपणे ऐकताना टाळ्यांच्या आणि झांजांच्या आवाजात कळतो.

कॅशच्याच ‘आय वॉक द लाइन’मध्ये एक कारागिरी आहे. ड्रम नव्हता, म्हणून त्याने गिटारच्या तारांखाली कागद सरकवला आणि खर्र खर्र असा ताशाच्या काडीसारखा आवाज काढला. आणि प्रत्येक कडव्याची पट्टी बदलते. नवी पट्टी पकडण्यासाठी तो मध्ये नुसता गुणगुणतो. वचन पाळीन म्हणणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन दर कडव्याला हलते आहे, आणि तो दर वेळी पुन्हा सूर शोधून उभा राहतो.

लोरेटा लिनचं ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७०) जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्यांना लगेच भिडेल. केंटकीतल्या बुचर हॉलोमधलं आठ भावंडांचं घर, कोळशाच्या खाणीत राबणारा बाप, रात्री दिव्याच्या उजेडात वाचणारी आई. कुठेही कीव मागितलेली नाही. गाण्यात आणखी कडवी होती, ओवेन ब्रॅडली यांनी कमी करायला लावली, आणि माझ्या मते उरलेल्या गाण्याला त्यामुळे धार आली. जॉन डेन्व्हरच्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’बद्दल (१९७१) लिहायची गरज नाही. सहलीच्या बसमध्ये ते सगळ्यांना पाठ असतं.

विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ (१९७५) हा अल्बम मात्र फार कमी जणांनी नीट ऐकलेला असतो. टेक्सासमधल्या गार्लंड या गावी थोड्या पैशांत केलेला. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचा माउथ ऑर्गन, आणि भरपूर मोकळी जागा. कंपनीच्या लोकांना तो कच्चा नमुनाच वाटला होता. त्यातलं ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ फ्रेड रोज यांचं, १९४० च्या दशकातलं जुनं गाणं. पावसात झालेली ताटातूट, केस पांढरे झाल्यावरची आठवण, आणि पलीकडे पुन्हा भेट होईल ही श्रद्धा. विली ते नायलॉन तारांच्या गिटारवर जणू स्वतःशीच म्हणतो. जुलैत गंगापूर धरणाकडे ढग उतरलेले असताना हे लावलं तर काही समजावून सांगावं लागत नाही. अल्बम एका सलग कथेचा आहे, मध्ये मिनिटा-दीड मिनिटाचे तुकडे येतात, म्हणून इथेही गॅपलेस हवंच. नव्याने ऐकणाऱ्याने यापासून सुरुवात करू नये. आधी हँक आणि पॅट्सी कानात बसले की मगच ही मोकळी जागा रिकामी न वाटता भरलेली वाटते.

हे सगळं एलपीवर ऐकायचं असेल तर दोन-तीन गोष्टी नाशिकच्या हवेत सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात पुठ्ठ्याची कव्हरं ओल धरतात आणि आतल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात. ते खाचेत उतरले की गाणंभर तडतड होते. तबकड्या उभ्या ठेवा, पावसाची झड लागते त्या भिंतीला टेकून ठेवू नका, आतले जुने कागद बदलून प्लॅस्टिकचं अस्तर असलेले घाला. उन्हाळ्यात बंद गाडीत तासभर राहिलेली एलपी वाकते आणि ती पुन्हा खात्रीने सरळ होत नाही. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर लिटरभर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवा. नळाचं पाणी वापरलं तर सुकल्यावर क्षार खाचेत राहतात. जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. पेटीसारख्या स्वस्त प्लेअरमध्ये सुईचा भार पाच-सहा ग्रॅम असतो. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या भागाला) दीड ते अडीच ग्रॅम पुरतो. स्वस्त प्लेअरवर पन्नास वर्षांपूर्वीची जिम रीव्हजची तबकडी रोज लावणं म्हणजे ती झिजवणं आहे.

परदेशातून आणलेला जुना टर्नटेबल घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झनुसार वेग ठरणारी मोटर, असलेला अमेरिकन प्लेअर ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टवर चालवला तरी फिरतो आपल्या ५० हर्ट्झनेच, म्हणजे सहाऐवजी पाचच्या प्रमाणात, हळू. गाणं जवळपास तीन अर्धस्वर उतरतं. काळी दोनचं गाणं पांढरी एकमध्ये वाजतं, पॅट्सी पुरुषी वाटते आणि रीव्हज झोपेत बोलतो. मोटरच्या पट्ट्याची पुली ५० हर्ट्झची बसवून घ्यावी लागते. डीसी मोटरच्या यंत्रांना हा त्रास नाही. मोनो तबकडीसाठी ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारी बरीचशी खरखर त्याने कापली जाते.

शेवटी जॉर्ज जोन्सचा ‘आय ॲम व्हॉट आय ॲम’ (१९८०), आणि त्यातलं पहिलंच गाणं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’. लिहिलं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी, निर्माता बिली शेरिल. इतकं उदास गाणं कोणी विकत घेणार नाही, असं खुद्द जोन्सचं मत होतं. १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनने ते वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. एका माणसाने म्हटलं होतं, मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन. आज त्याने प्रेम करणं थांबवलं. गाण्याची सगळी रचना या एका वाक्यासाठी आहे, आणि ते वाक्य का उच्चारलं जातं आहे हे ऐकणाऱ्याला थोडं उशिरा उमगतं. जोन्स अक्षरं दाताखाली धरून सोडतो, एका शब्दात तीन-चार स्वर मुरकीसारखे फिरवतो, पण ते दाखवण्यासाठी नसतं. जणू शब्द बाहेर यायला तयार नाही आणि तो वळवून वळवून काढतो आहे. मृतदेह नेताना व्हायोलिनं वर चढतात. एरवी हँकवरचे व्हायोलिनचे थर खरवडून काढावेत असं वाटतं, इथे तीच वाद्यं अढळ वाटतात, कारण ती पहिल्यापासून गाण्याच्या कण्यात आहेत. नंतर एक कडवं तो नुसतं बोलतो. ती शेवटचं पाहायला आली होती, एवढी साधी बातमी. मागे एका स्त्रीचा शब्दावाचूनचा उंच स्वर तरंगतो, तो मिली कर्कहॅम यांचा.

गाणं सव्वातीन मिनिटांचं आहे. लावण्याआधी ॲपमधला ‘ऑटोप्ले’ बंद करा, आणि अल्बममधलं दुसरं गाणंही लगेच सुरू होऊ देऊ नका. शेवटचा स्वर विरल्यावर खोलीत दहा-पंधरा सेकंद काहीच वाजायला नको.